मॅग्लेव्हला सांधा कसा घालतात, आणि तो इतका जड का पडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकांवर तरंगणाऱ्या गाडीला चाकं नाहीत, चाकाची कड नाही, मग ती एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते कशी? वळत्या वाटेवर तिला वेग का कमी करावा लागतो? मॅग्लेव्हचं जाळं जगात कुठेच उभं राहिलं नाही, त्याचं कारण हा सांधाच का, म्हणजे वाट बदलायची ही सोयच? आणि पुढे-मागे मुंबई-पुणे असा मार्ग झाला, तर सांध्यांचं काय?

जाळ्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. माझ्या मते नाही. सांधा अवघड आहे, महाग आहे, पण जर्मनीत एम्सलांडच्या चाचणी मार्गावर 1980 च्या दशकातच तो चालवून दाखवलाय. खरी महाग आहे ती मार्गिका, म्हणजे गाडी जिच्यावरून जाते ती उन्नत वाट. सांध्यापाशी तिचा महागपणा डोळ्यांत भरतो, म्हणून सगळं खापर सांध्यावर फुटतं. माझं आयुष्य उन्नत मार्गांच्या गर्डरांत, म्हणजे खांबांवर टेकणाऱ्या तुळयांत गेलं, त्यातला काही काळ मॅग्लेव्हच्या मार्गिकेत. त्यामुळे उत्तर मार्गिकेकडूनच सुरू होणार, आणि चुंबकांकडे थोडं दुर्लक्ष होणार हे गृहीत धरा.

रेल्वेचा सांधा स्वस्त का, ते पाहू. दोन रूळ, त्यांत टोकदार केलेल्या दोन जिभा, आणि त्या चार-पाच इंच इकडून तिकडे ढकलणारं एक मशीन. चाक रुळाच्या वर बसतं, कड आतल्या अंगाला, खाली काही नाही. त्यामुळे दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे रुळात जरा फट ठेवली की काम झालं. चाक खडखडत का होईना, पलीकडे जातं. जर्मन ट्रान्सरॅपिडची, म्हणजे शांघायला धावते त्या प्रकारची गाडी अशी नाही. तिचे हात मार्गिकेच्या दोन्ही कडांना खालून कवटाळून बसलेले असतात. उचलणारे चुंबक मार्गिकेच्या पंखाखाली, म्हणजे दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या कडेखाली असतात आणि वरच्या दिशेने खेचतात. बाजूचे चुंबक दोन्ही कडांवरून गाडी मध्ये धरतात. म्हणजे पंखाच्या खालची आणि बाहेरची जागा गाडीच्या संपूर्ण वाटेवर मोकळी हवी. तिथे दुसरी मार्गिका येऊन चिकटली तर गाडीचे हात आपटतील. रुळातल्या फटीसारखी सोय इथे होऊच शकत नाही. एका वेळी एकच वाट अस्तित्वात असली पाहिजे, आणि दुसरी वाट हवी तर पहिली तिथून हलवली पाहिजे.

हलवायचं काय, हे कळायला मार्गिकेत काय भरलंय ते बघा. ट्रान्सरॅपिडची मोटर अर्धी गाडीत आणि अर्धी जमिनीवर. जमिनीवरचा अर्धा म्हणजे पंखाखाली बसवलेले पोलादी पत्र्यांचे स्टेटर पॅक आणि त्यांच्या खाचांतून गेलेली तीन फेजची केबल. चुंबकाच्या ध्रुवांतलं अंतर 258 मिलिमीटर, स्टेटर पॅक 1032 मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर चार ध्रुवांचा. शांघायचा नेहमीचा स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधला गाळा, 24.768 मीटरचा आहे. पंचवीस का नाही? कारण 24.768 म्हणजे बरोबर 24 पॅक, 96 ध्रुव. पुलाच्या स्पॅनची लांबी मोटरच्या खाचांवरून ठरते, असं दुसऱ्या कुठल्या पुलात मी पाहिलेलं नाही. गाडी ताशी 430 किलोमीटरने गेली तर त्या केबलमधला विद्युतप्रवाह सेकंदाला 231 वेळा आवर्तन घेतो आणि त्याच सेकंदात गाडीखालून जवळपास पाच स्पॅन निघून जातात. गर्डर हा इथे यंत्राचा भाग आहे आणि त्याची अचूकताही यंत्राचीच लागते.

गाडी आणि स्टेटर यांच्यात फट असते साधारण 10 मिलिमीटरची. मेट्रोच्या पुलाचा 25 मीटरचा गर्डर गाडीखाली 25-30 मिलिमीटर झुकला तरी डिझाइन पास होतं. मॅग्लेव्हसाठी स्पॅनच्या चार हजाराव्या भागाचा निकष वापरतात, म्हणजे फक्त 6 मिलिमीटर. वजन तसं फार नाही. चाकांसारखे टोचणारे एकवटलेले भार नसतात, दर मीटरला दोन-सव्वादोन टन पसरून येतात. अडचण भाराची नाहीच. अडचण उन्हाची आहे.

हा हिशोब नवख्या इंजिनिअरला मी पहिल्याच आठवड्यात करायला लावायचो. दोन मीटर खोलीचा काँक्रीटचा गर्डर घ्या. दुपारी वरचा भाग खालच्यापेक्षा 10 अंशांनी तापलाय असं धरा. काँक्रीटचा प्रसरणांक 0.000012. वक्रता निघते मीटरला 0.00006, आणि 24.768 मीटरच्या साध्या टेकलेल्या स्पॅनचा मध्य साडेचार मिलिमीटरच्या वर उचलला जातो. गाडी अजून आलेलीही नाही, आणि फटीच्या जवळजवळ निम्म्याइतकी हालचाल उन्हानेच केली. म्हणून दोन स्पॅन जोडून सलग करणं, रंग फिका ठेवणं, कँबर (गर्डरला आधीच दिलेला वरचा बाक) देताना दुपार आणि पहाट दोन्ही धरणं, असे उपाय करावे लागतात. शांघायला गर्डरचं अंग पूर्वप्रतिबलित काँक्रीटचं आणि वरचे कामाचे भाग पोलादी, असा संकर केला. काँक्रीट आकसून-सरकून शांत झाल्यावर त्यावरचे जोड यंत्रावर घासून अचूक केले आणि मग पोलाद बसवलं. त्यात शांघायची जमीन मऊ. खांब दबणार हे गृहीत धरूनच बेअरिंगमध्ये गर्डर पुन्हा रेषेत आणायची सोय ठेवली. तीस किलोमीटरच्या मार्गावर असा एकेक गर्डर. वळणावरच्या गर्डरचा आकार तर शेजाऱ्यापेक्षाही वेगळा. मार्गिका महाग का, हे इथे कळतं.

आता सांधा. ट्रान्सरॅपिडमध्ये अख्खा गर्डर वाकवतात. एका टोकाला घट्ट धरलेली, अनेक आधारांवर टेकलेली पोलादी पेटी. बाकीचे आधार आडव्या रुळांवर सरकतात. मोटरी किंवा हायड्रॉलिक जॅक प्रत्येक आधाराला ठरलेल्या अंतराने ढकलतात आणि पेटी लवचिकपणे, कायमची न वाकता, वळणाच्या आकारात येते. सरळ स्थितीत तिच्यावरून पूर्ण वेगाने जाता येतं, काही बंधन नाही. बंधन आहे वळत्या वाटेवर: लहान सांधा सुमारे 78 मीटरचा, त्यावर ताशी 100 किलोमीटर, मोठा दीडशे मीटरच्या आसपास, त्यावर ताशी 200.

हे आकडे आले कुठून? मार्गिकेची पाटी (वरचा सपाट भाग) 2.8 मीटर रुंद, म्हणजे वाकलेलं टोक त्याहून बरंच सरकलं पाहिजे. 3.6 मीटर धरू. साधा वर्तुळखंड मानला तर 78 मीटरला त्रिज्या येते साधारण 845 मीटर, आणि 100 च्या वेगाला आडवा त्वरण सेकंदवर्गाला 0.9 मीटर. दीडशे मीटरला त्रिज्या 3,125, आणि 200 च्या वेगाला आडवा त्वरण जवळपास 1.0. दोन्हीकडे तोच आकडा! प्रत्यक्षात सुरुवातीला संक्रमण वक्र (हळूहळू वळत जाणारा भाग) असतो, आकडे थोडे हलतात, पण मुद्दा तोच राहतो. इतर वळणांवर ट्रान्सरॅपिडची मार्गिका 12 अंशांपर्यंत तिरकी करता येते. वाकवलेली पेटी मात्र सपाटच राहते, तिला तिरकं करता येत नाही. त्यामुळे सगळा आडवा धक्का प्रवाशाला बसतो. वेग दुप्पट हवा तर त्रिज्या चौपट आणि लांबी दुप्पट, एवढाच हा व्यवहार आहे. म्हणजे वेग कमी का, याचं उत्तर चुंबकात नाही, साध्या भूमितीत आहे, आणि ती रेल्वेलाही चुकलेली नाही. फ्रान्समध्ये 1:65 चे (65 मीटरला 1 मीटर बाजूला जाणारे) सांधे वळत्या वाटेवर ताशी 220 किलोमीटरने घेतात, आणि त्यांचीही लांबी दीडशे मीटरच्या वरच असते. आपल्याकडचा 1:12 चा नेहमीचा सांधा वळत्या वाटेला 30 ने घेतात, जाड जिभेचा असेल तर 50 ने. तेव्हा मॅग्लेव्ह सांध्यावर मंदावते ही तक्रार मला कधीच पटली नाही.

पोलादाचं काय? पेटी एक मीटर रुंद धरा. 845 मीटर त्रिज्येला बाहेरच्या कडेला ताण येतो 120 मेगापास्कलच्या आसपास. 3,125 ला जेमतेम 32. लांब सांधा दिसायला भव्य, पण पोलादाला तोच सुखाचा. आणि पेटी पाटीइतकीच 2.8 मीटर रुंद केली, तर लहान सांध्यात ताण जातो 330 वर, म्हणजे संपलंच. म्हणून वाकणारं अंग अरुंद ठेवायचं आणि रुंद भाग तुकड्यातुकड्यांनी त्यावर बसवायचे, तुकड्यांमधल्या फटी दोन्ही स्थितींत मर्यादेत राहतील असे. 120 मेगापास्कल हा मोठा ताण नाही, पण तो दर वेळी येतो आणि जातो. दिवसाला शंभर वेळा सांधा फिरला तर तीस वर्षांत अकरा लाख फेरे. वेल्डच्या तपशिलाला थकवा तिथे येतो. या गर्डरांची पाहणी करायची झाली तर मी आधी पेटीच्या आतल्या आडव्या पडद्यांच्या कोपऱ्यांतले वेल्ड बघेन, जॅक नंतर.

याहून चिवट त्रास कंपनाचा असतो, आणि त्याबद्दल बाहेर फारसं बोललं जात नाही. आकर्षणाने तरंगणारी गाडी स्वतःहून स्थिर नसते. फट कमी झाली की ओढ वाढते, ओढ वाढली की फट आणखी कमी होते. नियंत्रक सेकंदाला हजारो वेळा विद्युतप्रवाह कमी-जास्त करून तिला जागेवर ठेवतो. काँक्रीटचा गर्डर जड, त्यात अवमंदनही (कंपन विझवण्याची ताकद) बरं. सांध्याचा गर्डर पोलादी, हलका, अवमंदन नगण्य. गाडी त्याच्यावर उभी राहिली किंवा रांगत गेली, की नियंत्रक आणि गर्डर एकमेकांना चिथावू लागतात. गर्डर जरा हलला, नियंत्रकाने प्रवाह बदलला, त्याने गर्डर आणखी हलला. कान देऊन ऐकलं तर गर्डर घुमतो, आणि वेळेवर आवरलं नाही तर गाडी तरंगणं सोडून खाली टेकते. चीन आणि कोरियातल्या कमी वेगाच्या मॅग्लेव्हवर या दुखण्यावर बरंच संशोधन झालंय. उपाय तीन: गर्डरला वजन घाला, त्याच्या वारंवारतेला जुळवलेला अवमंदक टांगा, किंवा नियंत्रकाचे गुणांक बदला. गर्डरवाले म्हणतात नियंत्रक बदला, नियंत्रकवाले म्हणतात गर्डर जड करा. मी अर्थातच पक्षपाती आहे, पण नियंत्रक बदलणं स्वस्त पडतं हे आकड्यांतच दिसतं.

फिरायला लागणाऱ्या वेळेचा बाऊ होतो, तोही थोडा हिशोबाने बघावा. ताशी 430 ने येणारी गाडी सेकंदवर्गाला 1 मीटरने थांबवायची तर सात किलोमीटर आणि जवळपास दोन मिनिटं लागतात. म्हणजे सांधा फिरून, कुलपं बसून, प्रत्येक आधाराच्या सेन्सरने होकार देऊन हे सगळं गाडी सात किलोमीटर दूर असतानाच झालेलं हवं. त्यात सांधा दहा-वीस सेकंद जास्त घेतो की कमी, याने मुख्य मार्गावर फरक पडत नाही. फरक पडतो शेवटच्या स्टेशनच्या तोंडाशी, जिथे गाडी फलाटावरून निघून दुसऱ्या मार्गावर जाते आणि मागची वाट बघत उभी असते. मार्गाची क्षमता तिथे ठरते, आणि तिथला आराखडा सांध्यांच्या संख्येवर डोळा ठेवून करावा लागतो.

सुरक्षेच्या बाजूने या प्रकाराला एक अंगभूत फायदा आहे. मोटर जमिनीत असल्यामुळे एका विभागाला वीज एकाच गाडीसाठी दिली जाते. त्याच विभागात समोरासमोर चालणाऱ्या दोन गाड्यांना वीजच देता येत नाही. पण हे फक्त त्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांपुरतं. 22 सप्टेंबर 2006 ला एम्सलांडला लाथेनजवळ ट्रान्सरॅपिड मार्गावर उभ्या असलेल्या देखभालीच्या वाहनावर आदळली आणि 23 जण गेले. ते वाहन स्वतःच्या इंजिनावर चालणारं होतं, या विजेच्या शिस्तीबाहेरचं; ते मार्गावरून हटलंय की नाही हे माणसांच्या आपसातल्या बोलण्यावर अवलंबून होतं. सांध्यांच्या अंतर्बंधनाचा (वाट मोकळी नसेल तर गाडी सुटूच न देणाऱ्या व्यवस्थेचा) आराखडा करताना देखभालीची वाहनं पहिल्या पानावर यायला हवीत, परिशिष्टात नव्हे.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. जपानात नागोयाजवळची लिनिमो ही कमी वेगाची मॅग्लेव्ह 2005 च्या एक्स्पोसाठी सुरू झाली, 8.9 किलोमीटर, ताशी 100. तिचा सांधा वाकत नाही. पोलादी गर्डरचे तीन तुकडे बिजागरीने जोडलेले असतात आणि ते तुटक रेषेत फिरतात. वळण कोनाकोनाचं होतं, पण त्या वेगाला चालतं, आणि बनवायला सोपं. जपानची अतिवाहक (विजेला जवळजवळ रोध नसलेल्या) चुंबकांची गाडी, जिने 2015 मध्ये यामानाशीच्या मार्गावर ताशी 603 किलोमीटर गाठले, ती यू आकाराच्या खोबणीतून जाते. तिची उचल आणि मार्गदर्शन दोन्ही बाजूंच्या भिंतींतल्या तारेच्या गुंडाळ्यांवर चालतं, त्यामुळे सांध्यात भिंतींसकट गर्डर आडवे सरकवावे लागतात. मात्र तिला एक सवलत आहे: ताशी दीडशेच्या आसपास येईपर्यंत ती रबरी चाकांवरच धावते आणि जमिनीपासूनची फट मिलिमीटरांत नाही, दहा सेंटिमीटरच्या घरात असते. वळत्या वाटेवर कमी वेगाने चाकांवर गेलं की जुळणीचे लाड बरेच कमी होतात. मुंबईत मोनोरेल आहे, तिचीही जातकुळी हीच. गाडी तुळईवर मांड ठोकून बसलेली, म्हणून वाट बदलायला तुळईच हलवावी लागते. फरक इतकाच की तिथे रबरी टायर चार-पाच मिलिमीटरची चूक पोटात घालतो.

एक मर्यादा मात्र खरी आहे आणि ती मी झाकत नाही. रेल्वेच्या यार्डात दोन वाटा एकमेकींना सपाटीवर छेदतात, कैची घालतात, एकातून चार फुटतात. कवटाळणाऱ्या गाडीला हे जमत नाही. छेदायचं तर तिथेही फिरता गर्डर हवा, नाहीतर एक वाट दुसरीवरून न्यावी. डेपोत म्हणूनच सांध्यांऐवजी गाडीसकट आडवा सरकणारा तुकडा पुष्कळदा बरा पडतो. जागा वाचते, आणि तिथे वेळ भरपूर असतो. दादरसारखं जंक्शन मॅग्लेव्हने उभं करायचं म्हटलं तर कागदावरच दमछाक होईल. पण असं जंक्शन कुणी मागत नाही. मॅग्लेव्ह दोन शहरांमधल्या सरळ, न फुटणाऱ्या मार्गासाठी मागतात, आणि तिथे मोजकेच सांधे लागतात.

हलणारे भाग नसलेल्या सांध्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पॉवेल आणि डॅन्बी या जोडीने अतिवाहक मॅग्लेव्हची पायाभरणी 1960 च्या दशकात केली. पुढे त्यांनी असं मांडलं की मार्गिका सपाट ठेवायची आणि दोन्ही वाटांच्या गुंडाळ्या तिच्यातच बसवायच्या. ज्या वाटेच्या गुंडाळ्या जोडल्या जातील, त्या वाटेने गाडी ओढली जाईल. अलीकडे नेदरलँड्समध्ये फेनडाम इथे 420 मीटरच्या नळीत फाटा ठेवून हायपरलूपचं (हवा काढलेल्या नळीतून जाणारं) वाहन चुंबकांनी डावी-उजवी बाजू धरून वळवण्याच्या चाचण्या झाल्या. वाहन मार्गिकेला कवटाळत नसेल तर हे शक्य आहे यात शंका नाही. माझी शंका फाट्याच्या नेमक्या त्या मधल्या तुकड्याबद्दल आहे, जिथे एका बाजूचा आधार संपलेला असतो आणि गाडी पूर्ण दुसऱ्या बाजूच्या चुंबकांवर असते. वाकणाऱ्या गर्डरमध्ये बिघाड झाला तर कुलूप बसत नाही आणि गाडी सात किलोमीटर आधीच थांबते. इथे बिघाड गाडी फाट्यात असताना होऊ शकतो. म्हणजे राखीव चुंबक, राखीव वीज, आणि तरीही खाली टेकायला सुरक्षित जागा, हे सगळं सिद्ध करावं लागेल. पूर्ण वेगाला आणि पूर्ण वजनाला ते सिद्ध झालं की मी आनंदाने मत बदलेन.

राहिला मुंबई-पुण्याचा प्रश्न. सांध्यांकडून बघाल तर तिथे काहीच अडत नाही. दोन टोकं, एखादं मधलं स्टेशन, एक डेपो. उलट घाटात मॅग्लेव्हचं पारडं जड आहे: बोरघाटात रेल्वे 1:37 च्या चढाला मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावते, म्हणजे जेमतेम 2.7 टक्के, आणि ट्रान्सरॅपिडचं तंत्र 10 टक्क्यांपर्यंत चढतं. अडतं ते घाटाखालच्या आणि वरच्या सपाटीवरच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या गर्डरांत. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी यातलं काही घेणार असाल तर सांध्याचं चालतं मॉडेल नंतर करा. आधी एप्रिलमधल्या पनवेलच्या दुपारचं आणि पहाटेचं तापमान घ्या, 24.768 मीटरचा स्पॅन घ्या, आणि एकेरी व दुहेरी सलग गर्डर दिवसभरात किती मिलिमीटर उठतो-बसतो याचा आलेख काढा. सांध्याची पोलादी पेटी काँक्रीटपेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून तिचा आलेख वेगळा काढा. दोन्ही आलेख जिथे एकमेकांपासून सर्वांत लांब जातील, त्या वेळेला सांध्याच्या तोंडाशी स्टेटरमध्ये किती पायरी पडते ते मोजा, आणि 10 मिलिमीटरच्या फटीतून ती वजा करून बघा.